कुरकुरीची शिकवणी

३ मार्च, सोमवार

शिंपीण आज माइकसमोर उभी राहिली आणि पहिलं वाक्य काय — "माफ करा, तुमचा वेळ घेते." मी तिथेच थांबवलं. म्हटलं, तुझ्या भावाला पोलिसांनी तुझ्या दुकानातून उचलून नेलं आणि माफी तू मागतेस? खाली बस. पुन्हा ऊठ. पुन्हा सुरू कर.

वर्ग नेहमीच्याच जागी, छापखान्याच्या वरच्या खोलीत. खालची यंत्रं सुरू झाली की फरशी थरथरते आणि आपलं बोलणं आपल्यालाच जेमतेम ऐकू येतं. म्हणून तर ही जागा. बाकीची मंडळी पुढच्या सत्राला जातील. शिंपिणीला याच महिन्यात जायचं आहे. परदेशात, मानवी हक्कांच्या परिषदेत, मोठ्या सभागृहात, देशोदेशीच्या प्रतिनिधींसमोर तिला दोन मिनिटं मिळणार. दोनच. मग माइक आपोआप बंद होतो, वाक्य अर्धं राहिलं तरी.

म्हणून मागणी पहिल्या वाक्यात. आधी मागणी, मग घटना, मग पुरावा. दुःख शेवटी, वेळ उरला तर.

"उरतो का बाई?"

नाही उरत, म्हटलं.

नावं इथे लिहीत नाही. खरं तर काहीच लिहून ठेवू नये, असं वर्गात दटावून सांगणारी मीच. तरी लिहिते. वही पिठाच्या डब्यात राहते. धाकटी म्हणते, ताई, तुझ्या पोळ्यांना शाईचा वास येतो.

५ मार्च, बुधवार

तालीम. सरकार वेळेवर आले. सरकार म्हणजे आमचे निवृत्त दुभाषी. तालमीत शासनाच्या प्रतिनिधीचं सोंग तेच घेतात, आणि इतकं हुबेहूब घेतात की सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. घरी बायकोसुद्धा म्हणते, "सरकार, जरा कचरा टाकून या."

शिंपिणीचा भाऊ शाळेची बस चालवायचा. कारखाना नदीत काय सोडतो ते बाटल्यांत भरून गावोगाव दाखवायचा. एवढाच गुन्हा. शासनाचं म्हणणं, विचारपूस करून त्याला त्याच संध्याकाळी सोडून दिलं, पुढे कुठे गेला आम्हाला ठाऊक नाही. पण एक न्हावी त्यानंतर कितीतरी दिवसांनी त्याच कोठडीत होता. त्याने भावाला पाहिलं. जिवंत. न्हाव्याला सोडल्यावर तो शिंपिणीला शोधत आला आणि म्हणाला, तुमच्या भावाच्या शर्टाला आतून खिसा आहे, दम्याचा पंप ठेवायला. तो खिसा तिने स्वतः शिवलेला. बाहेरून दिसत नाही. तिला आणि भावाला सोडून कोणाला माहीत नव्हता.

असा पुरावा मिळायला नशीब लागतं. आणि टिकवायला अक्कल.

आज तिने सुरुवात केली, "माझा भाऊ फार गुणी होता —"

"गुण नकोत," मी म्हटलं. "चांगला आहे म्हणून नाही, माणूस आहे म्हणून परत मागायचा. आणि 'होता' म्हणू नकोस."

ती म्हणाली, "आहे."

मग सरकार उठले. "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदया. हा तथाकथित न्हावी कोण? त्याचं नाव सांगावं, पत्ता सांगावा. नसेल तर ही कपोलकल्पित कथा आहे." तिने गडबडून तोंड उघडलं. नाव ओठांवर आलंच होतं. मी टेबलावर थाड्कन हात मारला. सगळी दचकली. म्हटलं, याचसाठी ते उठतात. तुझ्या तोंडून हेच काढायला. उत्तर एकच — साक्षीदाराच्या सुरक्षेसाठी नाव गुप्त ठेवलं आहे. घसा बसेपर्यंत म्हणून घेतलं.

निघताना सरकारांनी तिला खडीसाखर दिली. "मनावर घेऊ नका हो. घरी मी असा नसतो."

"घरी कसे असता?"

"घरी मला माइकच मिळत नाही."

७ मार्च, शुक्रवार

छापखान्यासमोर करडी गाडी. काल होती, आजही आहे. आत एकजण पेपर वाचतो. पान उलटत नाही.

९ मार्च, रविवार

शिंपिणीला घरी बोलावलं होतं. आज कुरकुरीचा धडा.

हा धडा मी कोणालाच चुकवू देत नाही. आपला फोन कोणीतरी ऐकतं आहे असं धरूनच बोलायचं. माणूस पकडला गेला, डोक्यावर कोणी उभं असलं, की त्याच्याकडून एकच वदवून घेतात — सगळं छान आहे, काळजी करू नका. म्हणून आमचा रिवाज उलटा. फोनवर कुरकुर करायची. थंडी आहे, भाजीत मीठ नाही, उशी कडक आहे. जोवर तक्रार चालू, तोवर माणूस सुरक्षित. ज्या दिवशी म्हणाल "सगळं छान आहे", त्या दिवशी समजायचं, तुम्ही अडकलात.

सोपं आहे. शेंबडं पोर करील. पण या बाईला कुरकुर करता येत नाही!

"बोल. प्रवास कसा झाला?"

"बरा झाला, बाई."

"चूक. पुन्हा. प्रवास कसा झाला?"

"शेजारच्या बाई फार घोरत होत्या." मग लगेच, "पण दमल्या असतील हो बिचाऱ्या."

"बिचाऱ्या नको! घोरत होत्या, एवढंच."

धाकटी तिकडे भाजी निवडत हसून लोळत होती. "ताई, हिला माझ्याकडे दे. तुझ्या हाताखाली वाढलेय मी. तक्रार म्हणजे काय, ते मी शिकवते." मग मला म्हणाली, "तुझं बाकी सोपं आहे. तू जन्मात कधी कशाला छान म्हटलेलं नाहीस. म्हणालीस की मी सरळ दार उघडून पळत सुटेन."

"पळायचंच," मी म्हटलं. ती हसायची थांबली.

शिंपिणीलाही तेच बजावलं. हे दोन्ही बाजूंनी आहे. मी फोनवर गोड बोलले, सगळं छान आहे म्हटलं, तर परत यायचं नाही. कोणी काहीही कबूल करो. तिथेच थांबायचं, तुझ्यासोबत तिथल्या संस्थेची मुलगी असेल, तिला सांगायचं.

"तुम्ही आणि गोड, बाई?" ती म्हणाली. पहिल्यांदाच हसली.

दुपारी टेलिफोनवाला आला. गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी. "तुमची तक्रार होती." म्हटलं, माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण ही नाही. तरी आत येऊ पाहत होता. दारातूनच परत पाठवला. खाली जाताना जिन्यात शीळ घालत होता. पेटी रिकामी असल्यासारखी हलवत.

११ मार्च, मंगळवार

गेली.

विमानतळावर मी जात नाही, रीतच आहे. सकाळी घरी येऊन गेली. माझ्या बाहीची शिवण उसवलेली होती. मला दिसली नव्हती, तिला आल्याआल्या दिसली. पर्समधून सुईदोरा काढून उभ्याउभ्या घालून दिली. मी म्हटलं, उशीर होईल. म्हणाली, असं उसवलेलं ठेवून मला जाववणार नाही.

मग दोरा दातांनी तोडता तोडता, "बाई, बोलून आल्यावर मला भाऊ दिसेल का?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, माहीत नाही. बोलली नाहीस तर नक्की दिसणार नाही.

न्हाव्याला कुठे लपवलं आहे ते तिला माहीत आहे. डबा तीच पोचवायची. हे मला खटकत होतं, पण त्याचा विश्वास फक्त तिच्यावर. म्हणून ठरलेलं असं — तिच्या फोनवरून धोक्याचं वाक्य आलं की त्याला तिथून ताबडतोब हलवायचं. कारण तिला पहिला प्रश्न त्याच्याच पत्त्याचा विचारणार.

१३ मार्च, गुरुवार

रात्री लिहिते आहे.

सकाळी तिचा फोन. आवाज बारीक, लांबून आल्यासारखा. मी विचारलं, खोली कशी आहे? ती म्हणाली, "छान आहे, बाई. सगळं छान आहे. लोक फार चांगले आहेत." आणि फोन कट.

मी फोन ओट्यावर ठेवला. धाकटी समोर. तिला काही विचारावं लागलं नाही.

सरकारांना निरोप. ते गाडी घेऊन निघाले, भर दिवसा, कारण थांबायला वेळच नव्हता. न्हाव्याला गाडीत घेतलं. ज्या दुसऱ्या घरी न्यायचं ठरलं होतं तिथे कुलूप. माणसं घाबरून निघून गेली की आणखी काही, कळलं नाही. त्याला घेऊन रस्त्यावर किती फिरणार? माझ्या घरी आणला. साक्षीदार कधीही स्वतःच्या घरी ठेवू नये — हे माझंच वाक्य. फळ्यावर लिहून देते मी.

न्हावी किरकोळ आहे, पण हात मोठे. आल्याआल्या म्हणाला, "ताईंचं काय झालं?" त्याला ती ताई. मी म्हटलं, माहीत नाही. तो भिंतीशी बसला आणि चप्पल काढायची विसरला.

१४ मार्च, शुक्रवार

तिचा पुन्हा फोन! रडत होती. माझा निरोप पोचल्यावर तिच्यासोबतच्या संस्थेच्या मुलीने तिला विचारलं, अहो, तुम्ही तिकडे काय सांगितलंत? तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाई, खरंच छान होतं हो. मला वेगळी खोली दिली. आतून कडी. पांढरी चादर. जन्मात मी एकटी खोलीत झोपले नव्हते. तुम्ही विचारलंत आणि तोंडातून निघूनच गेलं. तक्रार कशाची करणार मी?"

मी ओरडले असते. गेली कित्येक वर्षं माणसांना हेच शिकवत आले, आणि एवढ्याशा गोष्टीवर —

ओरडले नाही. का कोण जाणे. म्हटलं, भाजीत मीठ आहे का?

ती नाक ओढत म्हणाली, "नाही. मुळीच नाही. पाण्यासारखी आहे."

शाबास, म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

करडी गाडी आता छापखान्यासमोर नाही. आमच्या दारासमोर आहे.

म्हणजे त्यांना न्हाव्याचा पत्ता ठाऊकच नव्हता. कोणीही फुटलं नाही. कोणीही सांगितलं नाही. ते नुसते बसून होते — आम्ही कधी दचकतो आणि दचकून कुठे धावतो ते बघत. आणि आम्ही धावलो. त्याला गाडीत घालून, उजेडात, त्यांच्या डोळ्यांदेखत आणला.

न्हावी पडद्याच्या फटीतून बघत असतो. म्हणाला, "बाई, त्या गाडीवाल्याची मिशी बघितलीत? एक बाजू वर, एक खाली. कोणी कापली असेल हो? मला पाच मिनिटं द्या, सारखी करून देतो."

धाकटी हसली. मीही हसले असते, पण घरातही त्याच्या पायात अजून चप्पल होती.

१७ मार्च, सोमवार

ती बोलली.

आम्ही तिघांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. एवढं मोठं सभागृह, वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यात ती — माझी जुनी शाल घेऊन. माइकचा लाल दिवा लागला. पहिलं वाक्य मागणीचं. "माझा भाऊ जिवंत आहे का, आणि कुठे आहे, हे शासनाने या सभागृहाला सांगावं." आवाज कापला नाही. दुभाष्यांना झेपेल इतकी हळू बोलली. खिशाचं सांगितलं. आतला खिसा, दम्याचा पंप, तिच्या हातचा टाका. त्या वेळी समोरच्या रांगेतल्या एका बाईने लिहायचं थांबवून मान वर केली. हे मी बघितलं.

मग शासनाचे प्रतिनिधी उठले. आमचे सरकारच वाटावेत, इतके तेच शब्द! हरकतीचा मुद्दा. कपोलकल्पित. साक्षीदार कोण, नाव सांगा. तिने समोर बघून म्हटलं, "साक्षीदाराच्या सुरक्षेसाठी नाव गुप्त ठेवलं आहे." माइक बंद झाला तेव्हा तिचं वाक्य पुरं झालेलं होतं.

न्हावी रडत होता. धाकटीही. मी उठून खिडकीचा पडदा नीट केला.

पण त्यांच्या प्रतिनिधीने उत्तराला उठताना एक जास्तीचं वाक्य टाकलं. तालमीत हे नव्हतं. "असा साक्षीदार अस्तित्वात नाही, हे लवकरच सिद्ध होईल."

लवकरच.

१८ मार्च, मंगळवार

न्हावी गेला. आमच्या खालच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत, धाकटीचे जुने गिऱ्हाईक — औषधं तिच्याच दुकानातून नेतात. त्यांच्याकडे दिवसभर माणसं गाल धरून येतात आणि तोंडाला रुमाल बांधून मागच्या गल्लीत उतरतात. त्यातलाच एक. गालात कापूस कोंबलेला. जाताना काहीतरी बोलला, कापसामुळे कळलं नाही. पाया पडायला वाकला तेव्हा खांद्याला धरून उभा केला. वेळ नव्हता.

धाकटी त्याच्यासोबत गेली, आजाऱ्याची बायको म्हणून. कुठे, ते मी विचारलं नाही. मला माहीत नसलं की माझ्याकडून निघणार नाही.

दारात म्हणाली, "तूही चल." म्हटलं, घरात दिवा दिसला पाहिजे, गाडीवाल्याला करमणूक नको का? ती म्हणाली, "ताई, पीठ संपत आलंय. आणायला विसरू नकोस." आणि गेली.

शिंपिणीचं परतीचं विमान परवा.

१९ मार्च, बुधवार

चहा उकळेपर्यंत लिहिते. बाहेरच्या खोलीत तिघं बसलेत. बूट काढून आलेत, फार सभ्य आहेत. सगळी कपाटं बघून झाली, पलंगाखालीही. न्हावी नाही म्हटल्यावर मिशीवाल्याने नुसतं "बरं" म्हटलं. मग म्हणाला, शिंपिणीला फोन लावा. तिला म्हणावं, भावाला भेटवतो. उद्याच. ठरल्या विमानाने ये. आणि फोन स्पीकरवर ठेवा.

लावला. म्हटलं, "भावाला भेटवतो म्हणतात गं. इथे सगळं छान आहे. लोक फार चांगले आहेत. माझी कसलीच तक्रार नाही. ये."

पलीकडे काहीच नाही. मिशीवाला फोनकडे वाकला. भाऊ म्हटल्यावर तिचं काय झालं असेल, ते मला इथे उभं राहून कळत होतं. मला वाटलं, ही आता हो म्हणणार.

मग तिचा आवाज, घोगरा. "बाई, इथे थंडी फार आहे. उशी दगडासारखी आहे. शेजारची बाई घोरते. भाजीत मीठ नाही. एकही गोष्ट धड नाही हो, बाई. एकही नाही."

"कुरकुरी आहे," मी त्यांना म्हटलं. "पहिल्यापासूनच." चहा उकळला.